भिजेल तीच कीड मरेल: कुंडीतल्या झाडांसाठी साबण आणि कडुनिंबाचे तेल

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला की बहुतेक घरांत एकच प्रयोग होतो. भांडी घासायचे लिक्विड आणि कडुनिंबाचे तेल अंदाजाने बाटलीत ओतायचे, पाणी भरायचे, हलवायचे आणि सकाळी दहाच्या उन्हात झाडाच्या डोक्यावरून फवारायचे. चार दिवसांनी पानांच्या कडा करपतात आणि पिठ्या ढेकूण फांदीच्या बेचक्यात जसाच्या तसा बसलेला असतो. मग ‘या घरगुती औषधांत काही दम नाही’ असे ठरवून टाकले जाते. औषधाची यात चूक फार थोडी. माप, पाणी, वेळ आणि फवारा मारायची जागा, सगळेच चुकलेले असते.

साबण आणि तेल बाटलीत एकत्र जात असले तरी दोघांची कामे वेगळी आहेत. ती कळली की बाकीचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत.

साबण कीड कशी मारतो

मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, लाल कोळी ही सगळी रस शोषणारी मंडळी. अंग मऊ, कवच नावापुरते. अंगातला ओलावा उडून जाऊ नये म्हणून त्यांच्या त्वचेवर पातळ मेणचट थर असतो. साबणाचा रेणू एका टोकाने तेलकट पदार्थाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरतो. तव्यावरचा ओशट थर निघतो त्याच रीतीने किडीच्या अंगावरचा मेणाचा थर सुटतो, पेशींचे पडदे फाटतात आणि आतला ओलावा बाहेर पडतो. साधे पाणी किडीच्या श्वासरंध्रांवरून घरंगळून जाते. साबणाचे पाणी पसरते आणि आत शिरते.

हे सगळे द्रावण ओले असेपर्यंतच घडते. वाळले की साबणाचे काम संपले. पानावर उरलेला साबणाचा थर उद्या उडत येऊन बसणाऱ्या माव्याचे काहीही बिघडवत नाही. म्हणून ज्या किडीच्या अंगाला थेंब लागला ती मेली, शेजारच्या पानाखाली कोरडी राहिलेली वाचली. अंडीही बहुतेक वाचतात.

याच मर्यादेचा एक फायदा आहे. फवारा वाळल्यानंतर आलेल्या मधमाशीला किंवा ढालकिड्याला, म्हणजे लेडीबर्डला, त्याचा त्रास होत नाही.

साबण म्हणजे नेमका कोणता

बागेसाठी हवा तो पोटॅशियमचा मऊ साबण. तेलावर कॉस्टिक पोटॅशची, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडची, प्रक्रिया केली की तो तयार होतो आणि पाण्यात सहज विरघळतो. अंगाला लावायची वडी कॉस्टिक सोड्याची, म्हणजे सोडियमची असते. अडचणीला बिनवासाच्या साध्या वडीचा 5 ग्रॅम कीस लिटरभर कोमट पाण्यात विरघळवून वापरता येतो, पण दर आठवड्याला तेच केले तर सोडियम कुंडीच्या मातीत साचत जातो. कुंडीतली माती मूठभर, तिथे क्षार पटकन वाढतात.

भांड्यांचे लिक्विड आणि धुण्याची पावडर हे रसायनशास्त्राच्या भाषेत साबणच नव्हेत, ते डिटर्जंट आहेत. चिकट ओशटपणा कमीत कमी वेळात उतरवायचा यासाठी ते बनवलेले असतात, आणि पानावरचे मेण त्यांना तव्यावरच्या तेलासारखेच दिसते. धुण्याच्या पावडरीत वर सोडाही असतो. फवारणीत चमचाभर पावडर टाकायचा सल्ला गावोगाव ऐकू येतो. शेतातल्या जून, जाड पानांना ते एखाद वेळी चालून जाते. बाल्कनीतल्या कोवळ्या फुटीला चालत नाही.

साबण कोणत्या तेलाचा यानेही फरक पडतो. ओलेइक आम्ल (तेलातले एक मेदाम्ल) भरपूर असलेल्या तेलांचा साबण मऊ अंगाच्या किडींवर चांगला चालतो. शेंगदाणा, करंज आणि ऑलिव्ह ही त्यातली. खोबरेल तेलाच्या साबणाला फेस छान येतो, पण कोवळ्या पानांना तो जास्त झोंबतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने भाजीपाल्यासाठी कडुनिंब आणि करंज तेलाचे साबण विकसित केले आहेत. ते मिळाले तर प्रश्नच मिटला. प्रमाण पाकिटावर पिकाप्रमाणे दिलेले असते, तेच पाळावे.

घरी करायचा असेल तर प्रमाण असे: शेंगदाण्याचे तेल 100 ग्रॅम, 90 टक्के शुद्धतेचे कॉस्टिक पोटॅश 20 ग्रॅम, पाणी 60 ग्रॅम. सगळे वजनाने, आणि ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. एवढ्या तेलाला पूर्ण मुरायला शुद्ध पोटॅश साधारण 19 ग्रॅम लागते. आपण 18 ग्रॅमच देतो, म्हणजे थोडे तेल उरते आणि मोकळे पोटॅश उरत नाही. उलट झाले तर ते पोटॅश पाने जाळते. पोटॅश पाण्यात टाकायचे, पाणी पोटॅशवर कधीही ओतायचे नाही. द्रावण तापते आणि उसळून अंगावर येऊ शकते. भांडे स्टीलचे हवे. ॲल्युमिनियमला पोटॅश खाते आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि मुले दुसऱ्या खोलीत.

कोमट तेलात हे द्रावण ओतून दाटसर होईपर्यंत घोटायचे आणि मग भांडे उकळत्या पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळत तीन-चार तास शिजवायचे. आधी कढीसारखे, मग उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखे आणि शेवटी पिवळसर, अर्धपारदर्शक मलमासारखे झाले की काम झाले. चिमूटभर मलम गरम पाण्यात टाकून बघावे. पाणी जवळपास स्वच्छ राहिले तर साबण शिजला. वर तेलाचे डोळे तरंगले तर अजून तासभर. हे मलम झाकणबंद बाटलीत महिनोन्‌महिने टिकते. लिटरला 20 ग्रॅम घेतले की द्रावणात एक टक्क्याच्या किंचित वर साबण येतो आणि बहुतेक किडींना तेवढा पुरतो. दोन टक्क्यांच्या वर जाऊ नये. किडीला जास्त काही होत नाही, झाडाला होते.

आधी पाणी तपासा

बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा दह्यासारखा साका करतात. बादलीच्या कडेला जमतो तोच. साका झालेला साबण किडीसाठी मेलेला. वर तो नोझल बुजवतो आणि पानावर पांढरट डाग ठेवतो. ‘गेल्या वेळी त्याच मापाने मावा गेला, या वेळी नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा टँकरचे पाणी असते.

तपासायला दोन मिनिटे पुरतात. पारदर्शक बाटली अर्धी भरून त्यात बोटाच्या पेराएवढा साबण टाका आणि जोरात हलवा. वर फेस टिकला आणि खाली पाणी साफ राहिले तर पाणी चालेल. फेस लगेच बसला आणि पाणी गढूळ होऊन कण दिसू लागले तर ते वापरू नका. मुंबई-पुण्याचे धरणांतून येणारे नळाचे पाणी या कामाला सहसा चांगले असते. बोअर असेल तिथे पावसाचे साठवलेले किंवा आरओचे पाणी घ्यावे. लागते लिटर-दोन लिटरच.

तेलाची दोन कामे

कोणतेही तेल किडीच्या अंगावर पातळ पापुद्रा धरते आणि तिची श्वासरंध्रे बुजवते. अंड्यांवरही हा पापुद्रा बसतो आणि आतल्या जिवाला हवा मिळत नाही. साबणाला न जमणारे काम तेल इथे करते. लाल कोळ्यासाठी आणि खवले किडीसाठी म्हणूनच साबणाच्या जोडीला तेल लागते.

कडुनिंबाच्या तेलात याशिवाय ॲझाडिरेक्टिन असते. हा पदार्थ कीड भाजल्यासारखी मारून टाकत नाही. त्याने तिची खाण्यावरची वासना जाते, आणि पिल्लांची कात टाकण्याची घडी बिघडते. जुन्या कातडीत अडकून ती तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने मरतात. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी मावा हलताना दिसला म्हणून दुप्पट डोस देणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या नोंदीत टोळांमुळे आली. 1959 मध्ये सुदानमध्ये टोळधाडीने सगळे हिरवे फस्त केले आणि कडुनिंबाची झाडे तेवढी सोडली, हे हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने टिपले. 1962 मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान यांनी निंबोळीच्या गराचे पाणी फवारून पीक टोळांपासून वाचवून दाखवले. ॲझाडिरेक्टिन वेगळे काढले गेले 1968 मध्ये. धान्याच्या कणगीत निंबाचा पाला घालणाऱ्या घरांना यात नवल वाटायचे कारण नव्हते. आणि 1994 मध्ये कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपीय पेटंट दिले गेले तेव्हा आक्षेप हाच होता, की यात नवे काय? ते पेटंट 2000 मध्ये रद्द झाले आणि 2005 मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले.

दुकानात दोन प्रकारच्या बाटल्या मिळतात. एक घाण्याचे शुद्ध तेल: गडद, कडू, लसणासारख्या उग्र वासाचे, थंडीत गोठणारे. गोठले तर बाटली कोमट पाण्यात धरावी, गॅसवर ठेवू नये. उष्णतेने ॲझाडिरेक्टिन मोडते. दुसरी शेतीऔषधाच्या दुकानातली, जिच्यावर 300, 1500, 3000 किंवा 10000 पीपीएम असे लिहिलेले असते. हा आकडा ॲझाडिरेक्टिनचा, दहा लाख भागांत ते किती भाग आहे ते सांगणारा. 300 पीपीएमचे औषध लिटरला साधारण 5 मिलि लागते, 10000 पीपीएमचे 1 ते 2 मिलि. आकडा न बघता ‘एक झाकण’ टाकले की एका बाटलीने काहीच होत नाही आणि दुसरीने झाड होरपळते. झाकणेही सगळी सारखी नसतात. औषधांच्या दुकानातून 5 मिलिची बिनसुईची सिरिंज आणावी, मापाचा सगळा घोळ संपतो. या दुसऱ्या प्रकारात तेल पाण्यात मिसळणारा पदार्थ आधीच घातलेला असतो, वेगळा साबण लागत नाही.

पाणी आणि तेलाचे लग्न

शुद्ध तेलासाठी मात्र साबण लागतो, आणि सगळ्यात जास्त बिघाड याच पायरीवर होतो. भरलेल्या बाटलीत तेल वरून ओतून हलवले की दोन मिनिटांत ते पुन्हा वर येते. पंपाची नळी तळाशी असते, म्हणजे आधी अर्धी बाटली नुसते पाणी फवारले जाते आणि शेवटच्या दोन-तीन झाडांवर जवळजवळ निव्वळ तेल. ती झाडे का करपली, याचे कोडे मग सुटत नाही.

लिटरभर द्रावणासाठी एका छोट्या वाटीत 5 मिलि कडुनिंबाचे तेल आणि 5 ग्रॅम मऊ साबण घ्या. चमच्याने एकजीव होईपर्यंत घोटा. पिवळट मलईसारखे दिसते. त्यात दोन चमचे कोमट पाणी घालून पुन्हा घोटा. इथे रंग बदलतो, पिवळे जाऊन दुधी येते. ते आले नाही तर पुढे जाऊ नका, थोडा साबण वाढवा. मग पेलाभर कोमट पाण्यात ते सैल करा आणि शेवटी बाटलीत उरलेले पाणी घाला. द्रावण पातळ ताकासारखे दिसायला हवे.

आता ते पाच मिनिटे स्थिर ठेवा आणि उजेडात धरून वरचा काठ बघा. काचेला लागून सोनेरी कडे दिसले तर तेल सुटले आहे. फवारू नका, साबण घालून पुन्हा घोटा. कडे नसेल तर लगेच वापरायला घ्या, आणि फवारताना दर दोन-तीन मिनिटांनी बाटली हलवत राहा.

‘लगेच’ हा शब्द इथे महत्त्वाचा. ॲझाडिरेक्टिनला किंचित आंबट पाणी मानवते आणि साबणाचे पाणी असते अल्कधर्मी. दोघे एकत्र आले की तेलाचा हा गुण झपाट्याने उतरू लागतो. दोन-तीन तासांत द्रावण संपवावे; उरलेले उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही. आठवड्याचे द्रावण एकदम करून ठेवणारे पुढे तेलकट साबणाचे पाणी फवारत असतात.

या भांडणावर आपल्याकडे जुना उतारा आहे, तो म्हणजे रिठा. रिठ्यातले सॅपोनिन फेस देते आणि तेल पाण्यात धरून ठेवते, पण त्याचे पाणी सौम्य आम्लधर्मी असते. बिया काढलेली दहा-बारा टरफले पाव लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटे उकळून कुस्करा आणि दुहेरी फडक्यातून गाळा. साबणाऐवजी हे पाणी लिटरला 25 ते 30 मिलि घ्या. रिठा तेल-पाण्याचे दुधी द्रावण साबणाइतके घट्ट धरत नाही, बाटली जास्त वेळा हलवावी लागते. शिवाय रिठा एकटा कीड फारशी मारत नाही. कीड अंगावर खेळत असेल तर साबण, आणि नव्या पालवीचे राखण करायचे असेल तर रिठा आणि तेल, अशी विभागणी आम्हांला जास्त पटते.

तेलाचा वास नको असेल तर निंबोळी अर्क आहेच. सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून थोडे रिठ्याचे पाणी घालून त्याच दिवशी फवारायचे. हाच तो कृषी विद्यापीठांच्या शिफारशीतला पाच टक्के अर्क. निंबोळ्या जून-जुलैत वेचून ठेवाव्यात. उन्हात वाळवलेल्या, बुरशी आलेल्या किंवा गेल्याच्या गेल्या वर्षीच्या निंबोळ्यांत फारसे काही उरलेले नसते.

फवारा कधी, कुठे

सूर्य कलल्यावर. संध्याकाळी द्रावण हळू वाळते, म्हणजे कीड जास्त वेळ ओली राहते. ॲझाडिरेक्टिन उन्हात मोडते, त्यालाही रात्र मिळते. मधमाश्या घरी गेलेल्या असतात. पारा 32 अंशांच्या वर असताना तेल मारूच नये. पानाची रंध्रे तेलाने झाकली की पानाला घाम सोडून थंड होता येत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये याचा अर्थ तेल बंद, अगदी गरज पडली तर पहाटे नुसता साबण, आणि तासाभराने साध्या पाण्याने धुऊन टाकणे. कोकणात आणि गोव्यात अडचण उलटी असते. आषाढात फवारा वाळायच्या आत सर येते. उघडीप बघूनच हात घालावा. तहानलेल्या, माना टाकलेल्या झाडावर फवारू नये. आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्यावे.

जागा म्हणजे पानाची खालची बाजू, शेंडा, देठाचा काख आणि फांदीची बेचकी. नोझल वर वळवून खालून वर मारा, एका हाताने फांदी उलटी धरा. थेंब ओघळायला लागेपर्यंत भिजवायचे. नुसते दव पडल्यासारखे करून उपयोग नाही. दोन फुटी जास्वंदीला 100 ते 150 मिलि सहज लागते. लिटरभरात वीस कुंड्या झाल्या असतील तर एकही नीट झालेली नाही.

मग पाचव्या ते सातव्या दिवशी पुन्हा, आणि आणखी एकदा. तीन फवारण्यांचा हा हिशेब अंड्यांमुळे आहे. पहिल्या वेळी वाचलेली अंडी आठवडाभरात फुटतात. ती पिल्ले मोठी होऊन अंडी घालायच्या आत दुसरा फवारा हवा. उन्हाळ्यात लाल कोळ्याची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत पुरी होते, त्याच्यासाठी पाच दिवसांचे अंतर. तिसरी फवारणी ‘आता दिसत नाही’ म्हणून टाळली जाते, आणि महिन्याने सगळे पहिल्यापासून सुरू होते.

कोणती कीड किती ऐकते

मावा सगळ्यात सोपा. नुसत्या साबणाने जातो; कोवळ्या शेंड्यावर थोडाच असेल तर नळीच्या धारेनेही. चिकटा (माव्याने सोडलेला गोड रस) आणि त्यावरची काजळी हे त्याचे अवशेष, ते ओल्या फडक्याने पुसावेत. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. मुंग्या गोड चिकट्यासाठी माव्याला आणि पिठ्या ढेकणाला राखतात, ढालकिड्यांना हुसकतात आणि पिल्ले एका फांदीवरून दुसरीवर नेतात. कुंडी विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटलीत ठेवल्या तरी रांग तुटते. मात्र झाडाचे पान भिंतीला टेकता कामा नये, नाहीतर तोच पूल.

पिठ्या ढेकणाला वेगळी वागणूक लागते. त्याच्या अंगावरचा कापूस म्हणजे मेण, थेंब त्यावरून घरंगळतो. आधी जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून बेचकी घासा, मेण फाटू द्या, मग फवारा. फारच माजलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाका. कचऱ्याच्या ढिगावर ठेवलेल्या फांदीवरून तो परत चालत येतो. घासण्याआधी एक गोष्ट बघा. त्याच्यासारखीच पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांची, पण आकाराने मोठी आणि टोचल्यावर तुरुतुरु पळणारी अळी दिसली तर ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची असते आणि पिठ्या ढेकूण हेच तिचे जेवण. ढेकूण टोचले तरी जागचे जेमतेम हलतात. अळ्या दिसल्या तर त्या फांदीला आठवडाभर हात लावू नका. 2008 च्या सुमारास पपईवरच्या पिठ्या ढेकणाने दक्षिणेत आणि मग महाराष्ट्रात उच्छाद मांडला होता. तो शेवटी आटोक्यात आला 2010 मध्ये पोर्तो रिकोहून आणून सोडलेल्या एका इवल्या परजीवी गांधीलमाशीमुळे. मित्रकीटकांचे बळ असे असते.

लाल कोळी ओळखायला पांढऱ्या कागदावर पान झटका. चालणारे ठिपके दिसले की तोच. धूळ बसलेल्या, कोरड्या गच्चीवर तो फोफावतो. आधी पाने खालून पाण्याने धुवा, मग साबण-तेल. पांढऱ्या माशीचे प्रौढ फवारा येताच उडतात, म्हणून पहाटे, ती गारठलेली असताना साबण मारावा. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. खवले किडीचे कवच जून झाल्यावर काहीच आत शिरत नाही. नखाने किंवा ब्रशने खरवडून तेल लावायचे.

पाने खाणाऱ्या मोठ्या अळ्यांवर साबण जवळजवळ वाया जातो. कढीपत्त्यावरची आणि लिंबावरची हिरवी अळी हाताने वेचावी. ती फुलपाखराची असते, एखादी सोडली तरी चालेल. नागअळी पानाच्या पोटात असते, तिला वरचा फवारा लागत नाही. नागमोडी रेषा उमटलेली पाने खुडायची. मिरचीचा बोकड्या विषाणूचा असेल तर चुरडलेले पान पुन्हा सरळ होत नाही. तेल-साबणाने फार तर तो पसरवणारी पांढरी माशी कमी होते. पेपरमिंट, निलगिरी, दालचिनी अशा सुवासिक तेलांबद्दल इतकेच, की ती दोन-चार थेंबांतही कोवळी पाने जाळू शकतात आणि वास उडाला की परिणामही उडतो.

पान करपले तर

करपण्याची जागा कारण सांगते. पानाच्या टोकाला आणि कडेला तपकिरी पट्टी असेल तर साबण जास्त झाला किंवा फवारा उन्हात मारला. थेंब ओघळत टोकाशी येऊन लोंबतो, पाणी उडते आणि साबण तिथे घट्ट होत जातो. पानभर तेलकट, काळपट डाग असतील तर द्रावणात तेल सुटलेले होते. दोन्हींवर तातडीचा इलाज एकच, दुसऱ्या सकाळी भरपूर साध्या पाण्याने धुणे.

हंसराज आणि इतर नाजूक नेचे, पॉइन्सेटिया, तेरडा, बेगोनिया, काकडीवर्गीयांची कोवळी रोपे आणि पावडर चढलेली मांसल पानांची झाडे साबण-तेलाला नाजूक. मांसल झाडांची ती पावडर मेणाची असते, एकदा धुऊन गेली की त्या पानावर परत येत नाही. नव्या झाडावर आधी दोन-तीन पानांना लावून 48 तास थांबावे. गंधकाची फवारणी झालेली असेल तर दोन ते चार आठवडे तेल नको, दोघे मिळून पान भाजतात. बोर्डो मिश्रणासारखे तांब्याचे औषध साबणाबरोबर एका बाटलीत घालू नये, साबण फाटतो.

पालक, मेथी, कोथिंबीर अशा पालेभाज्यांवर कडुनिंबाचे तेल मारले की कडवटपणा धुऊनही जात नाही आणि भाजी कोणी खात नाही. तिथे नुसता साबण आणि तोडल्यावर नीट धुणे. कढीपत्ता, टोमॅटो, मिरची यांवर तेल चालते. तोडणीआधी पाच-सहा दिवस जाऊ द्यावेत. कमळाच्या टबात गप्पी मासे असतील तर टब झाकून मगच फवारावे, साबण, रिठा आणि कडुनिंब तिन्ही माशांना घातक आहेत. कडुनिंबाचे तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर गंभीर विषबाधा होते. झाडपाल्याचे म्हणून ते स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवू नये.

काम झाल्यावर बाटलीत कोमट साबणाचे पाणी घालून दहा-बारा दाब रिकामे मारा, मग साधे पाणी. नोझलमध्ये राहिलेले तेल आठवड्यात डिंकासारखे होते आणि पुढच्या वेळी फवाऱ्याऐवजी धार येते. डिंक झालाच असेल तर नोझल काढून रात्रभर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावे; टाचणीने खुपसून भोक मोठे केले की तो पंप झाडांना नुसते पाणी घालण्यापुरता उरतो.